सोसायटीचा चालण्याचा गट टिकवायचा कसा? डोंगर कोणत्या क्रमाने?

पाथर्डीफाटा_६८:
नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीतले पंचवीसेक जण रोज सकाळी चालायला तयार आहेत. वयं ३५ ते ६८. दोघांना मधुमेह, तिघांचे गुडघे दुखतात. महिन्यातून एक रविवार डोंगरावर जायचं ठरतंय आणि तरुण मंडळींना पहिल्याच खेपेला हरिहर किल्ला हवाय. असे गट दोन-तीन आठवड्यांत विरतात, म्हणून आधीच विचारतो.

घसारा:
पहिल्या खेपेला हरिहर नकोच. खडकात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि वाट अरुंद. एक जण मध्येच घाबरून बसला की वरचे-खालचे सगळे अडकतात. रविवारी तर गर्दीही असते.

तुमच्या दारातला डोंगर आधी घ्या: पांडवलेणी. २४ लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, थकलेल्याला कुठूनही परतता येतं. दुसऱ्या महिन्यात तीच चढण दोनदा. मग रामशेज किल्ला, आशेवाडी गावातून. ते सगळ्यांना झेपलं की अंजनेरी. तिथे चढापेक्षा पठारावरचं ऊन दमवतं, तेव्हा सहाला पायथा सोडा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलतात, ते थकले की भार सांध्यावर येतो. पावलं लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, टाच रोवू नका, पूर्ण तळवा टेकवा. सगळ्यांत मागे एक अनुभवी माणूस हवाच. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही.

गोदाकाठ:
गट विरतो तो वेगामुळे. पहिल्याच दिवशी दमदार मंडळी पुढे निघतात, मागे राहिलेल्याला ओझं झाल्यासारखं वाटतं आणि तो चौथ्या दिवशी येत नाही. वेळ ठरवा, अंतर नको. पहिले दोन आठवडे २० मिनिटं, पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस ३० मिनिटं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, तो मध्यम वेग. दहा मिनिटं जाऊन सगळ्यांनी एकदम उलटं फिरायचं: भरभर चालणारे आपोआप मागे पडतात आणि शेवटी सगळे एकत्र फाटकाशी येतात. ही युक्ती खरंच वापरून बघा.

साखरपाणी:
मधुमेहींपैकी कोणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर डोंगराच्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधी विचारा. उपाशीपोटी चढू नये. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा, बिस्किटांपेक्षा ती लवकर लागू पडते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की तिथेच बसवून १५ ग्रॅम द्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. पायाला बधिरपणा असेल तर घरी आल्यावर तळवे नीट बघा. फोड आलेला कळतच नाही.

पाथर्डीफाटा_६८:
उलटं फिरायची कल्पना सोमवारपासूनच. पावसाळ्यात डोंगर बंद ठेवावा का?

घसारा:
जुलै-ऑगस्टमध्ये कातळावर शेवाळ असतं, पायऱ्यांवरही. धुवाधार पावसाचे रविवार सपाटीवर काढा. उघडीप असली तरी लेण्यांपर्यंतच, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घालून. आणि कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर कोणत्याही ऋतूत धूर, अत्तर, आरडाओरडा नको, गुपचूप मागे फिरा.