मदत हवी आहे: ग्रुपमधला पोरगा रात्रीपासून कसंतरीच लिहून राहिला

कापूसकोंड्या: आमच्या कपाशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण "आता नाही होत, माझ्यामागं घरच्यांकडे पाहजा" असं लिहून राहिला. लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. ॲडमिन म्हणते रिमूव्ह करतो. काय लिहू त्याला? लवकर सांगा.

वैनगंगा: कुठला आहे? वय? घरी एकटा आहे का?

झाडीचा_वाघ: २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, अन् बाजार समितीत त्या भावानं कोण घेते? यावर बोला आधी.

कापूसकोंड्या: घाटंजीकडचा, तीसेक वर्षांचा. मी हिंगणघाटचा, कधी भेटलो नाही. बाकी माहीत असतं तर इथं काहून विचारलं असतं?

गुरुकृपा: पहाटे ध्यान करायला सांगा. माझं टेन्शन त्यानंच गेलं.

आशाताई_दारव्हा: ध्यान मग पाहू. भाऊ, लिहीत बसू नका, फोन लावा. "जीव द्यायचा विचार येते का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होते. "लेकराबाळांकडे पाह्य" म्हणू नका, तेच पाहून तो थकला असन.

बांधावरून: पोलिसांपर्यंत गेलं तर त्याच्यावरच केस बसते. लफड्यात पडू नका.

वैनगंगा: अजून काही झालंच नाही तर केस कशाची? अन् २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरतात. धोका वाटला तर ११२ लाव. फवारणीचं औषध घरात आहे का तेही विचार.

कापूसकोंड्या: उचलला. रडून राहिला. विचारलं तर हो म्हणे. औषध घरातच आहे. आता??

आशाताई_दारव्हा: फोन ठेवू नका. ॲडमिनला म्हणा, रिमूव्ह राहू दे, त्याच्या घरच्यांचा नंबर काढ. त्यांनी औषध लगेच घराबाहेर न्यावं, त्याच्याजवळ कोणीतरी बसावं. टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. त्याला जमत नसन तर तुम्हीच लावा.

झाडीचा_वाघ: कर्ज किती आहे त्याच्यावर? सावकाराचं का बँकेचं?

आशाताई_दारव्हा: आत्ता नका ना भाऊ.

कापूसकोंड्या: चुलतभाऊ पोचला. औषध शेजाऱ्याकडे ठेवलं. उद्या यवतमाळला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेतो म्हणते.

आशाताई_दारव्हा: रात्री एकटा झोपू देऊ नका म्हणा. उद्या खरंच नेलं का ते विचारा, अन् पुढच्या हप्त्यातही फोन करत राहा.

पऱ्हाटी_७७: ग्रुपची लिंक भेटन का? कपाशीवर लाल्या रोग आला आहे.