मदत हवी आहे: लिथियमची विषबाधा होऊन गेली, आता तीच गोळी पुन्हा सुरू करावी का?

नमस्कार. लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आई ६४ वर्षांची. ती आणि बाबा नौपाड्यात राहतात, मी नेरुळला. तिला बायपोलर आहे (कधी अतिउत्साह, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार), त्यासाठी २००७ पासून लिथियम चालू. त्याआधीची वर्षं मी बघितली आहेत, त्यामुळे या गोळीचे उपकारच मानते. रक्तातली लेव्हल कायम ०.७ च्या आसपास.

सप्टेंबरअखेर बीपी वाढलं. जवळच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, असं त्यांनी विचारलं होतं. आई म्हणाली, "थायरॉइडची." लिथियमचं नाव काढलं नाही. अर्धी बिल्डिंग त्याच दवाखान्यात जाते आणि कंपाउंडर आमच्याच जिन्यातला. चिडू तरी कशी तिच्यावर? बाबा शेजारीच बसले होते, तेही गप्प. वर गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणून आठवडाभर घेतलं. त्यात ऑक्टोबर हीट.

मी गेले त्या दुपारी ती वाती वळत बसली होती. रोजचंच काम, न बघता करते. पण हात एवढा थरथरत होता की वात वळेचना, ताटलीत नुसते कापसाचे बोळे. दोन दिवस जुलाब होत होते, बाबांच्या मते थालीपीठ बाधलं. उठताना तिचा झोक गेला, जीभ जड. मला वाटलं अर्धांगवायूच. रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. सीटी स्कॅन नॉर्मल. ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावली, लिथियमची स्ट्रिप दिसताच लेव्हल करायला पाठवली. २.४ निघाली. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.९.

लिथियम किडनीवाटेच बाहेर पडतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. म्हणजे बीपीची गोळी, पेनकिलर, अळणी जेवण, जुलाब, सगळ्यांनी मिळून तिला ढकललं. सलाईनवर लेव्हल उतरली. डायलिसिसची तयारी ठेवली होती, लागलं नाही. सहा दिवसांनी घरी आणलं.

सध्या लिथियम बंद आहे. क्रिएटिनिन १.२ वर आलंय. सायकियाट्रिस्ट म्हणतात, लिथियमऐवजी व्हॅल्प्रोएट ही याच आजाराची दुसरी गोळी सुरू करू, किंवा बीपीसाठी अम्लोडिपिन ठेवून लिथियमच कमी डोसने आणि वरचेवर लेव्हल तपासून देऊ. घरी बोलून ठरवा. बाबा म्हणतात, ते विष घरात नको. आई म्हणते, "मला माझीच गोळी द्या."

तुमच्या घरात असं होऊन कुणी लिथियम पुन्हा सुरू केलंय का? किडनीचं पुढे काय झालं? इतक्या वर्षांनी व्हॅल्प्रोएटवर गेलेल्यांचा अनुभव कसा आहे? आणि एक घरगुती प्रश्न: प्रत्येक डॉक्टरला ही गोळी दाखवायला आईला कसं तयार करू? पर्समध्ये चिठ्ठी ठेवली होती, तिने ती काढून टाकली.

डोस इथे विचारत नाहीये, ते डॉक्टरच ठरवतील. संध्याकाळी फोन केल्यावर त्यांनी उद्या सकाळीच बोलावलंय. कारण दोन रात्री ती जेमतेम तीन तास झोपलीय. आत्ता साडेअकरा वाजलेत आणि माळ्यावरची तांब्याची भांडी काढून ती चिंचेने घासत बसलीय.