इन्फर्नो: सीटीने दर राउंडला बनानासाठी भांडायलाच हवं का?

सातबारा

काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच गोळीबाराचा गेम, इन्फर्नो हा त्यातला नकाशा. टी हल्ला करून ए किंवा बी साइटवर बॉम्ब लावतात, सीटी ते अडवतात. टी बाजूकडून बी साइटवर चढणारी वाकडी गल्ली म्हणजे बनाना. सीटी खेळताना तिथे एक रिवाजच पडून गेलाय: राउंडचं घड्याळ १:५५ वरून सुटलं की दोघांनी पळत सुटायचं, गल्लीतल्या हाफ वॉलवर आग (पेटणारा ग्रेनेड) टाकायची, मागोमाग एचई (स्फोटाचा), खाली स्मोक (धुराचा), मग एकाने फ्लॅश (डोळे दिपवणारा) द्यायचा नि दुसऱ्याने गल्लीतल्या कारपर्यंत डोकावून यायचं. व्यावसायिक संघ करतात म्हणून आपणही करतो.

माझं मत स्पष्ट आहे. पाच जणांचा एकत्र सराव नसेल तर हे बंद करा.

हिशोब बघा. दोघांचे दोन स्मोक ६००, दोन एचई ६००, दोन फ्लॅश ४००. झाले १६००, आग वेगळी. हे सगळं पहिल्या तीसेक सेकंदांत उडून जातं. स्मोक टिकतो जेमतेम वीसेक सेकंद. खरा हल्ला येतो घड्याळात चाळीसेक सेकंद उरले असताना, आणि तेव्हा बी वरची दोन्ही पोरं रिकाम्या हाताने उभी असतात. त्यातून कुणी बनानात मेलाच तर ए वरून एक माणूस खेचावा लागतो आणि अपार्टमेंट्स (ए वर येणारी वाट) मोकळी पडतात. म्हणजे बी वाचवायला जाऊन ए घालवलं.

त्याऐवजी बी वर एक जण कॉफिन्सजवळ, दुसरा कन्स्ट्रक्शनच्या तोंडाशी, तिघे ए वर. बनाना टीला खुशाल घेऊ द्या. ते साइटवर यायला लागले की गल्लीच्या तोंडावर आग, एक फ्लॅश, जमला तर एक किल, आणि मागे. मग पाचही जणांनी मिळून रिटेक, म्हणजे टीने घेतलेली साइट परत घेणं. बॉम्ब डिफ्यूज म्हणजे निकामी करायचं किट फक्त ४०० ला येतं, ते प्रत्येकाकडे हवं.

रात्रपाळी

> मग पाचही जणांनी मिळून रिटेक

कुठून करणार? ए चा रिटेक वेगळा: लायब्ररी, आर्च, जमलं तर मिडमधून मागून, अशी तीन दिशांनी माणसं येतात. बी ला सीटीचं तोंड (सीटी सुरुवात करतात तिकडची वाट) आणि कन्स्ट्रक्शन, दोन्ही एकाच अंगाला. टीचा एक स्मोक सीटीवर, एक आग कन्स्ट्रक्शनच्या दारात, की तुमची पाच माणसं रांगेत उभी. तिसरा रस्ता म्हणजे मिडमधून फिरून बनानातून वर येणं. तेवढा वेळ कुणाकडे असतो?

वेळेचाच हिशोब करू. बॉम्ब ४० सेकंदांचा. किट असेल तर डिफ्यूजला ५, म्हणजे ३५ व्या सेकंदाला हात बॉम्बवर हवा. किट नसेल तर १० लागतात, म्हणजे ३० व्यालाच. ए वरची माणसं यायला दहा-बारा सेकंद, तीही चाकू हातात धरून पळाली तर. चाकूचा वेग २५०, सायलेन्सरवाल्या एम-४ चा २२५, एडब्ल्यूपी स्नायपरचा २००. एडब्ल्यूपीवाला बंदूक खांद्यावर घेऊन पळत आला तर सगळ्यात शेवटी पोचणार. उरलेल्या विसेक सेकंदांत कॉफिन्स, डार्क, न्यू बॉक्स आणि बनाना तपासायचं. त्यात बनानात लपलेल्या टीने बॉम्बवर एक मोलोटोव (टीची आग) टाकला की सातेक सेकंद गेले. दुसरा टाकला की राउंड गेला.

आणि एक गोष्ट तुमच्या हिशोबात नाहीच. बॉम्ब लावून हरलं तरी टीला हरण्याच्या पैशांवर वेगळा बोनस मिळतो. पाच जणांचा मिळून तो एका एके-४७ पेक्षा, म्हणजे २७०० पेक्षा जास्तच भरतो. लावणाऱ्याला वरून ३००. तुम्ही रिटेक जिंकलात तरी पुढच्या राउंडची खरेदी त्यांच्या हातात ठेवलीत.

किटवाला

वर आगीचं म्हटलंय त्यात अर्धंच सांगितलंय. आगीवर स्मोक पडला की आग विझते, आणि त्याच स्मोकमध्ये बसून डिफ्यूज करता येतो. म्हणून रिटेकला येताना एक स्मोक निव्वळ बॉम्बसाठी राखायचा, सीटीच्या तोंडातून बाहेर पडताना तो उडवायचा नाही. नव्वद टक्के लोक तिथेच उडवतात.

मात्र सीएस २ मध्ये एचईने स्मोकला भोक पडतं. एक-दोन सेकंद आरपार दिसतं, मग धूर पुन्हा भरतो. तेवढ्यात बॉम्बवर बसलेला माणूस मरतो. त्यामुळे डिफ्यूजला एक बसला की दुसऱ्याने बनानाच्या तोंडावर बंदूक रोखून उभं राहायचं, स्मोकच्या आत नाही, बाहेर.

पाचवा खेळाडू

मी टीच्या बाजूने बोलतो, कारण धागाकर्त्यासारखे सीटी म्हणजे कॉल देणाऱ्याला (संघाचा डाव ठरवणाऱ्याला) पर्वणी.

बनाना फुकट मिळाला की तिथे एकच माणूस लागतो. एक! तो लॉग्जपाशी बसतो, अधूनमधून पावलं वाजवतो, एखादा फ्लॅश वर टाकतो. तुमचे दोघे बी सोडू शकत नाहीत, कारण त्यांना गल्लीत एक आहे की चार हे कळतच नाही. बाकीचे चार ए वर. आर्च, लायब्ररी आणि मोटोवर स्मोक, पिटमध्ये आग, आणि चाराला तीन. बी वरचे दोघे निघाले की तोच एकटा माणूस साइटवर चालत येतो.

आता सीटीने बनानासाठी भांडण केलं तर काय होतं? एका माणसाला एकच स्मोक बाळगता येतो. म्हणजे टीकडे राउंडला पाच स्मोक, बस्स. हाफ वॉलची आग विझवायला एक गेला. सीटी कारवरून बघतोय म्हणून त्याच्या नजरेवर दुसरा गेला. उरले तीन. ए ला तीन लागतात, बी ला दोन (सीटी आणि कॉफिन्स). म्हणजे ए वर जाऊन तिथून परत फिरणं संपलं, आणि तीनपैकी एक स्मोकवाला मेला तर ए पण संपलं. बनानातली पहिली वीस सेकंदं किल मिळवायला नसतात, टीचे खिसे रिकामे करायला असतात. तुमचे १६०० गेले असं म्हणता, समोरच्याचे किती गेले तेही मांडा की.

सातबारा

@पाचवा खेळाडू, पाच स्मोकचा मुद्दा मान्य. पण तुमचा टी संघ बनाना मोकळा आहे हे ओळखून स्मोक वाचवतो, असं धरलंय तुम्ही. प्रत्यक्षात साध्या मॅचमध्ये टी पहिल्या दहा सेकंदांत आग, एचई, फ्लॅश सवयीनेच फेकतात, समोर कुणी असो वा नसो. त्यांचं सामान रिकाम्या गल्लीत जळतं.

आणि बनाना सोडणं म्हणजे कायमचा सोडणं नव्हे. घड्याळ एक मिनिटाच्या आसपास आलं, त्यांची आग विझली, स्मोक विरला, की तेव्हा दोघांनी मिळून घ्यायचा. तेव्हा आपल्याकडे सगळं सामान असतं आणि समोर तो लॉग्जवाला एकटा. दोघांनी एकाला मारणं सोपं, की सुरुवातीलाच दोघांनी तिघांशी भिडणं?

रात्रपाळी

उशिरा बनाना घेणं हे चांगलं हत्यार आहे, पण ते तुम्ही लिहिलंय तितकं सोपं नाही. तीन ठिकाणी माती होते.

पहिलं, फ्लॅश. गल्ली वाकडी आहे. साइटवरून सरळ फेकला तर तो जवळच्या भिंतीला लागून आपल्याच माणसासमोर फुटतो. छपरावरून उंच जाऊन हाफ वॉलच्या वर हवेत फुटला पाहिजे, आणि फेकणारा मागे थांबला पाहिजे.

दुसरं, अंतर. पुढचा मेल्यावर मागचा दोन सेकंदांनी पोचला तर ट्रेड (आपल्याला मारणाऱ्याला लगेच मारणं) होत नाही, दोन वेगवेगळे किल होतात. मागच्याने पुढच्याच्या पाठीला चिकटूनच निघायचं.

तिसरं, आणि हेच सगळ्यात महाग: लॉग्जवाला मेला की पोरं गल्लीत आणखी खाली धावतात. उत्साहात. तोवर ए वर हल्ला सुरू झालेला असतो आणि बी चे दोघे नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. माणूस मिळाला की एकाने ताबडतोब मागे फिरायचं, दुसऱ्याने साइटजवळच्या सँडबॅग्जपाशी थांबायचं. पुढे नाही.

गल्लीबोळ

दोन्ही बाजू दर राउंडचं बोलताहेत, पण पैसे दर राउंडला सारखे असतात का? अर्ध्यात १२ राउंड, १३ झाले की सामना संपला. जुन्या १५ राउंडच्या अर्ध्यात एक-दोन राउंड वाया घालवून पैसे जुळवता यायचे, आता ती चैन नाही.

हरण्याचे पैसे १४०० पासून ५००-५०० ने ३४०० पर्यंत चढतात. सीटी अर्ध्याचे पहिले दोन राउंड जिंकून तिसरा हरला की त्याचे पैसे तळाला असतात. अशा वेळी हातात एमपी-९ (१२५०) आणि एखादा फ्लॅश. तेव्हा सातबारांचं बरोबर: बनाना सोडा, जवळच्या कोपऱ्यात दोघे एकत्र बसा, कारण एमपी-९ लांबवर एके समोर चालत नाही. खरेदी पूर्ण असेल तर रात्रपाळी बरोबर. आणि टीचा इको (पैसे वाचवायला जवळजवळ काही न विकत घेता खेळलेला राउंड) आहे हे माहीत असताना बनानात पुढे जाऊन एम-४ हरवणारा माणूस कुठल्याच बाजूचा नाही, त्याला मुस्क्या बांधून स्पॉनमध्ये ठेवा.

पाचवा खेळाडू

@गल्लीबोळ, इकोचं पटलं. पण खरेदी पूर्ण असताना दर वेळी तेच केलं तर तेही वाईट. तिसऱ्या राउंडनंतर टीला कळतं की आग हाफ वॉलवर नेमकी कधी पडते. मग ते पाच सेकंद उशिरा येतात, आग वाया जाते, आणि स्मोकला एचईने भोक पाडून कारवरच्याला उडवतात. म्हणून एका राउंडला लगेच आग, दुसऱ्याला नुसता एचई आणि गप्प, तिसऱ्याला काहीच नाही. हा क्रम बी वरच्या दोघांनी खरेदीच्या वेळातच ठरवायचा.

सातबारा

म्हणजे तिसऱ्या राउंडला काहीच नाही, हे तुम्हीही मान्य केलंत. माझं फक्त प्रमाण वेगळं आहे. अनोळखी चौघांसोबत, माइकवर कुणी बोलत नसताना, मी ते चारातले तीन राउंड ठेवेन.

किटवाला

ठेवा, पण मग त्या तीन राउंडांत कन्स्ट्रक्शनवाल्याने साइटवर मरायचं नाही. कॉफिन्सवाला जवळजवळ जाणारच, त्याच्या मागे पळवाट नाही. कन्स्ट्रक्शनवाला जिवंत असेल तर टीला ते दार सतत धरून ठेवावं लागतं आणि बनानात बसायला एक माणूस कमी पडतो. दोघेही गेले तर ए वरून आलेल्या तिघांनी रिटेक करूच नये, बंदुका वाचवाव्यात.