मदत हवी आहे: तैलरंगाचे ब्रिसल ब्रश चार महिन्यांतच पिंजारले

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं अ‍ॅक्रिलिकमध्ये काम केल्यावर अलीकडेच तैलरंगाकडे वळले. जाड रंग लावायचा म्हणून डुकराच्या केसांचे, म्हणजे हॉग ब्रिसलचे ब्रश घेतले. दोन फ्लॅट (चपटे, सरळ कडेचे), दोन फिल्बर्ट (चपटे, पण टोकाला गोलसर), एक राउंड (गोल). सुरुवातीला मजा आली. मग फ्लॅटच्या कडा फाकायला लागल्या, आणि आता ८ नंबरचा बघून घरातले विचारतात, हा भांडी घासायला घेऊ का?

काम संपलं की ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळते आणि रात्रभर त्याच डब्यात उभे ठेवते. सकाळी कढत पाण्याने आणि साबणाने धुते, मग केस वर करून मगमध्ये वाळवते. राउंड तर बुडाशी दगड झालाय, टोक मात्र मऊ आहे. हे कसं काय? ब्रशच वाईट निघाले की माझं चुकतंय? नवे घेताना काय बघू?

प्रतिसाद १
डब्यात उभे ठेवणं आजच बंद करा. अख्ख्या ब्रशचा भार टोकावर येतो, केस वाकतात ते वाकतातच.

प्रतिसाद २
ताई, राउंडचं बूड दगड झालंय त्यातच तुमचं उत्तर आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खळबळून टोक साफ दिसतं, पण फेरूलच्या, म्हणजे केस दांड्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीच्या, तोंडाशी रंग अडकलेला असतो. केस वर करून वाळवलं की पातळ झालेला रंग आणखी आत उतरतो, तिथे घट्ट होतो आणि केसांना आतून पाचर मारल्यासारखं फाकवतो.

आधी चिंधीने फेरूलकडून टोकाकडे दाबत रंग पुसून काढा. अर्धं काम इथेच होतं, आणि नेमका हाच टप्पा सगळे टाळतात. मग थोडं टर्पेंटाइन, मग साबण आणि कोमट पाणी, तळहातावर घोळवत, फेस पांढरा येईपर्यंत. कढत पाणी नको, फेरूलमधला चिकटा सैल होतो. पाण्यात भिजत ठेवणंही नको. ब्रिसल पाणी पिऊन लिबलिबीत होतं, दांड्याचं लाकूड फुगतं आणि वाळल्यावर फेरूल खुळखुळते. शेवटी केसांना आकार देऊन कागदाची पट्टी गुंडाळा आणि आडवं वाळू द्या.

घेताना दुकानातल्या आकारावर भुलू नका, नव्या ब्रशला खळ लावलेली असते. खळ धुतल्यावर केस आतल्या बाजूला वळून एकमेकांना धरतात का, ते खरं. टोकं नैसर्गिक, दुभंगलेली हवीत. त्या फाट्यांतच रंग धरला जातो. कात्रीने सरळ कापलेली असतील तर सोडून द्या. नंबर मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा रुंदी डोळ्यांनीच बघा.

प्रतिसाद ३
दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं असेल तर मी धूतच नाही. पुसून करडईच्या तेलात बुडवून आडवा ठेवतो. ते जवसापेक्षा सावकाश वाळतं. रंगवण्याआधी तेल नीट पुसायचं, एवढंच.

आणि त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका! वाळताना तेल तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आपोआप पेट घेऊ शकतो. पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. म्हणजे मी इमानेइतबारे रोज रंग आत ढकलत होते. दोन्ही फिल्बर्ट पुसून, धुऊन कागदात गुंडाळले होते, आज सोडले तर बऱ्यापैकी मिटलेत. राउंडची आशा सोडली. ८ नंबरच्या फ्लॅटने मात्र काल सहज गवत काढून बघितलं. फाकलेल्या केसांनी एका फटक्यात दहा पाती उमटतात. तो आता घासणीत जाणार नाही.