शब्दचर्चा : ‘ट्रेनी ट्री सर्जन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (ब्रिस्टल)

नमस्कार. सॉफ्टवेअर तपासणीची नोकरी सोडून मी इथल्या एका छोट्या कंपनीत ‘ट्रेनी ट्री सर्जन’ म्हणून रुजू होतो आहे. चाळिशी जवळ आली आहे. घरच्यांचा विरोध नाही, पण मी नेमकं काय करणार हे साताऱ्याच्या आत्याला मराठीत सांगता येईना. ‘झाडं कापायचं काम’ म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर लाकूडतोड्या येतो. जिने अंगणातल्या झाडाला कधी कुऱ्हाड लावू दिली नाही, तिला वाईट वाटणारच. ‘वृक्षशल्यचिकित्सक’ म्हटलं तर मी डॉक्टर झालो असा समज होतो. दुसरी अडचण ‘ट्रेनी’ची. ‘शिकाऊ’ हा शब्द विशीतल्या पोराला शोभतो आणि ‘प्रशिक्षणार्थी’ सरकारी पत्रातला वाटतो. बोलताना सहज तोंडात येतील असे शब्द आहेत का?

पुणे

‘वृक्षवैद्य’ म्हणा. सोपा आहे, आणि तुमच्या कामात झाडाविषयी जी आपुलकी आहे ती त्यात येते. आत्याबाईंना लगेच कळेल.

वाई

‘वृक्षवैद्य’ मला अपुरा वाटतो. वैद्य नाडी पाहतो, औषध देतो. इथे हातात हत्यार आहे. झाडावर हत्यार चालवून उपचार करायचा, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा अध्याय आहे. रोगट झाडाचा उपाय सांगताना तिथे क्रम असा दिला आहे : आधी शस्त्राने रोगट भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूध मिसळलेलं पाणी घालावं.

‘शल्य’ या शब्दाकडे मात्र नीट पाहायला हवं. शल्य म्हणजे अंगात रुतून बसलेली वस्तू : बाणाचं टोक, काटा, काचेचा तुकडा. मराठीतला ‘सल’ त्यातूनच आला. त्या अर्थाने पुण्यात आणि मुंबईत ज्यांनी रस्त्यावरच्या झाडांतले जाहिरातींचे खिळे उपटून काढण्याच्या मोहिमा केल्या, त्यांनी केली ती खरीखुरी वृक्षशल्यचिकित्सा. फांदी उतरवताना शल्य काढलं जात नाही. आजच्या मराठीत ‘शल्यक्रिया’ कुठल्याही ऑपरेशनला चालतो, त्यामुळे शब्द चुकीचा ठरत नाही. पण तो इस्पितळातला आहे, झाडाखाली तो परकाच वाटणार.

देवगड

आमच्याकडे झाडावर चढणाऱ्याला कामाप्रमाणे नाव आहे. नारळ उतरवणारा तो पाडेली. हा शब्द गोव्यातही आहे. माडाची सूर काढणारा तो रेंदेर, तो तिकडचाच. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं लावण्याआधी जमीन भाजायला, ऐनाच्या वगैरे पाल्याच्या डहाळ्या तोडतात, ती कवळतोड. हापूसची म्हातारी, उंच गेलेली झाडं खाली आणून पुन्हा फळावर आणायची, त्याला पुनरुज्जीवनाची छाटणी म्हणतात.

यातलं एकही नाव तुम्हाला जसंच्या तसं चालायचं नाही. माडाला फांदीच नसते, त्यामुळे कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हा प्रश्नच पाडेलीपुढे येत नाही. कवळतोडीत पाला हवा असतो, झाडाचं काय होतं ते नंतर. बागेतली छाटणी फळासाठी. तुम्ही म्हणता ते काम झाडासाठी आणि झाडाखालून जाणाऱ्या माणसांसाठी दिसतं. म्हणून मला वाटतं, करणाऱ्याचं नाव शोधण्याआधी कामाचं नाव शोधावं. सुतारकाम, गवंडीकाम, विणकाम, तसं झाडकाम. ‘मी झाडकाम करतो.’ कानाला खटकत नाही आणि त्यात तोडणं, छाटणं, वाचवणं, सगळं बसतं.

लीड्स

मी इथे हाच उद्योग करतो. आधी बँकेत होतो, म्हणून हा प्रश्न मनापासून जवळचा वाटला. देवगडकरांचा ‘झाडकाम’ मला फार आवडला, कारण इथले जाणते लोकही ‘सर्जन’पासून दूरच राहतात. ग्राहक ‘ट्री सर्जन’ म्हणतो, गाडीवर तेच रंगवलेलं असतं, पण आपापसांत आम्ही ‘आर्बोरिस्ट’ (झाडांचा जाणकार) म्हणतो, किंवा नुसतं ‘क्लाइंबर’ आणि ‘ग्राउंडी’. वर दोरावर असतो तो क्लाइंबर, खाली असतो तो ग्राउंडी.

‘सर्जन’ हे नाव पडलं तेव्हा ते शब्दशः खरं होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाडाची ढोली खरवडून साफ करायचे, आत सिमेंट भरायचे, कापलेल्या जागी रंग किंवा डांबर लावायचे. दात कोरून भरावा तसं. पुढे अमेरिकेत झाडांच्या रोगांचे अभ्यासक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ साली सहकाऱ्यासोबत ते मांडलं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ढोली खरवडणं म्हणजे झाडाने मेहनतीने बांधलेली ती भिंत फोडणं. त्यामुळे आता ढोली भरत नाहीत आणि इथे जखमेला काही फासतही नाहीत. आपल्याकडे आंबा-डाळिंबाच्या बागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, ती बुरशीसाठी आणि फळबागेच्या गरजेने. त्याला मी चूक म्हणत नाही. पण ज्या कामावरून ‘सर्जन’ नाव पडलं ते कामच उरलेलं नाही. मग ते नाव मराठीत कशाला न्यायचं?

आता तुम्ही प्रत्यक्षात काय कराल ते सांगतो, म्हणजे शब्द निवडायला बरं. सुरुवात जमिनीवरूनच होते. खाली पडलेल्या फांद्या ओढून चिपरपर्यंत (फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रापर्यंत) न्यायच्या आणि बुंध्याकडचं टोक आधी आत घालायचं. क्लाइंबरचे दोर फांद्यांत आणि पायात अडकू द्यायचे नाहीत. पादचारी अडवायचे. सगळ्यात मोठं काम म्हणजे वरच्या माणसाकडे लक्ष ठेवायचं. इथला नियम असा की झाडावर कुणी असेल तर खाली निदान एक माणूस त्याला वरून सोडवून आणण्याइतका शिकलेला आणि साधनांसह तयार हवा. चेनसॉ, म्हणजे यांत्रिक करवत, चालवण्याआधी त्याची देखभाल आणि आडवं लाकूड कापणं शिकायचं, मग लहान झाड पाडणं, मग दोरावर चढणं आणि सुटका, आणि त्यानंतरच दोरावर लटकून करवत चालवणं. प्रत्येकाची वेगळी परीक्षा. तिशी-चाळिशीत येणाऱ्यांना बऱ्याचदा हा खर्च स्वतःच करावा लागतो, तेव्हा रुजू होण्याआधी कंपनी काय भरणार हे लेखी घ्या.

क्रियापदांबद्दल मी जास्त आग्रही आहे. तोडणे म्हणजे मुळापासून घालवणे. छाटणे म्हणजे काही भाग काढणे. उतरवणे हे तिसरं आणि आमच्या कामाला सर्वांत जवळचं : मोठी फांदी दोराला बांधून, आधार देत खाली आणणे. मराठीत ओझं उतरवतात, नारळ उतरवतात. जपून खाली आणण्याचा अर्थ त्यात आहे. घराच्या छतावर आलेलं अख्खं झाड तुकड्यातुकड्याने खाली आणतात, त्यालाही ‘झाड उतरवणे’ म्हणता येईल. झाडाचा पर्णसंभार आतून मोकळा करतात त्याला शेतकऱ्यांचा विरळणी हा शब्द तयार आहे. वाहनांना जागा व्हावी म्हणून खालच्या फांद्या काढतात. त्याला ‘खालून मोकळं करणे’ एवढं साधं म्हटलं तरी पुरे.

आणि फांदी कुठे कापायची, हे शब्दात पकडणं सगळ्यात कठीण. फांदी खोडातून निघते तिथे थोडा फुगवटा असतो. कापायचं त्याच्या लगेच बाहेर. खोडाला घासून कापलं तर फुगवटा जातो आणि झाडाला जखम बंद करता येत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदीला आधी थोडं बाहेर खालून अर्धवट काप, मग आणखी बाहेर वरून काप, आणि ओझं उतरल्यावर शेवटचा काप फुगवट्याशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. या फुगवट्याला देवगडकडे काही नाव आहे का? मला माहीत करून घ्यायचं आहे.

मुंबई

कायद्याची मराठीही लक्षात घ्या. आपल्याकडे शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. ‘वृक्ष प्राधिकरण’ आणि ‘वृक्ष अधिकारी’ हे शब्द त्यातलेच. पावसाळ्याआधी महापालिकेच्या सूचनांत ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ असं येतं. तुमच्या तिकडेही परवानगी लागत असेल ना?

लीड्स

लागते. संरक्षण आदेश असलेल्या झाडाला स्थानिक परिषदेची परवानगी हवी. जतन क्षेत्रात, म्हणजे जुन्या वस्तीचं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात, झाडाला हात लावण्याआधी ६ आठवडे कळवावं लागतं. दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरच्या वर असेल तर. पक्ष्यांची वापरातली घरटी मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे वसंतात आधी झाड नीट न्याहाळायचं.

वाई

‘ट्रेनी’चं राहिलं. त्यासाठी मराठीत एक उत्तम वाक्प्रयोग आहे आणि तो निवडणुकांच्या बातम्यांखाली दबून गेला : उमेदवारी करणे. वकिलाकडे, छापखान्यात, कारखान्यात लोक उमेदवारी करत. १९६१ च्या कायद्याच्या मराठी नावातही ‘शिकाऊ उमेदवार’ आहे. क्रियापदाने फरक राहतो : निवडणुकीची उमेदवारी मिळते, दाखल होते, मागे घेतली जाते, कामाची उमेदवारी *केली* जाते. तिला वयाचं बंधन नाही, आणि मुळात ‘उमेद’ आहेच. ‘नोकरी सोडून झाडकामाची उमेदवारी करतो आहे’ असं म्हणा.

देवगड

लीड्सकरांना : फांदीच्या त्या फुगवट्याला आमच्यात वेगळं नाव मी ऐकलेलं नाही. दोन फांद्या फुटतात त्या जागेला बेचकं म्हणतात, पण ते वरच्या बाजूचं. बागेत जुन्या माणसांना विचारून लिहितो.

ब्रिस्टल

सर्वांचे मनापासून आभार. ‘झाडकाम’ आणि ‘उमेदवारी करणे’ दोन्ही घेतो. आत्याला सांगायचं वाक्य असं जुळवलं आहे : ‘मी झाडकामाची उमेदवारी करतो आहे. वाळलेल्या, मोडायला आलेल्या फांद्या दोराने बांधून खाली उतरवायच्या, झाड राखायचं; आणि जे राखता येत नाही ते कुणाला इजा न होता उतरवायचं.’

शेवटचा भाग मुद्दाम ठेवला, कारण इथे ‘अॅश’ (ash) नावाच्या झाडांना २०१२ पासून बुरशीचा रोग लागलेला आहे. लाकूड इतकं ठिसूळ होतं की त्यावर चढणंही धोक्याचं, पाळणा असलेलं यंत्र आणावं लागतं. अशी पुष्कळ झाडं उतरवावी लागणार, आणि ते तिच्यापासून लपवायचं नाही.

एक उपप्रश्न : ‘ग्राउंडी’ला काय म्हणू? पहिले काही महिने मी तोच असणार.

देवगड

नारळ उतरवताना खाली थांबतो त्याला आम्ही नुसतं ‘खालचा’ म्हणतो. ‘वरचा’ आणि ‘खालचा’. झाडावरून हाक मारायला लांब शब्द कामाचा नाही.