घरात लेझर शो प्रोजेक्टर: मुलं असतील तर नकोच, असं माझं मत. तुमचं?

दोन_पोरांची_आई
मागच्या महिन्यात आम्ही तो छोटा लेझर लाइटवाला प्रोजेक्टर आणला, हिरवे-लाल ठिपके गाण्यावर नाचतात तो. पहिल्या रात्री हॉल ओळखू येईना इतका भारी दिसत होता, पोरं नाचून नाचून दमली, मलापण आवडला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी मी किचनमधून बाहेर आले तर धाकटा, चार वर्षांचा, टीपॉयवर हनुवटी टेकवून थेट त्या काचेत बघत बसलेला. चांदण्या कुठून येतात ते शोधत होता म्हणे. काच नाकापासून चार बोटांवर आणि कपाळभर हिरवे ठिपके. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, सगळं नीट आहे म्हणाले, पण माझे हातपाय त्या दिवशी गार पडले होते. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, लहान मुलांच्या घरात ही वस्तू नको, आणि विकणाऱ्यांनी तिला खेळणं म्हणणं तर आधी बंद करावं.

काजवा
ताई, काळजी समजते पण सरसकट "नको" मला पटत नाही. आत एकच किरण असतो, तो बारीक रेघांच्या जाळीतून जातो आणि त्याचे शेकडो ठिपके होतात. समजा लेझर 50 मिलिवॉट ताकदीचा आहे आणि ठिपके 200, तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला आलं पाव मिलिवॉट. 1 मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा लेझर क्लास 2 मध्ये धरतात (क्लास म्हणजे लेझर किती धोक्याचा त्याची पायरी), तिथे आपोआप पापणी मिटते तो पाव सेकंद डोळा वाचायला पुरेसा मानलेला आहे. मी तीन वर्षं वापरतोय. चूक प्रोजेक्टरची नाही, तो टीपॉयवर ठेवला ही आहे.

दोन_पोरांची_आई
तुमचा हिशोब भिंतीवरच्या ठिपक्यांचा आहे हो. भिंतीपर्यंत जाताना किरण एकमेकांपासून लांब गेलेले असतात, काचेपाशी ते सगळे जवळजवळ असतात. अंधारात बाहुली मोठी झालेली, डोळा चार बोटांवर, मग एका किरणाच्या जागी कितीतरी किरण एकदम आत जाणार ना? आणि पापणी मिटते म्हणता, पण माझा मुलगा मुद्दाम डोळे फाडून बघत होता.

मंचामागे
मी स्टेज लाइटिंगमध्ये काम करतो म्हणून बोलतो. ताईंचा मुद्दा बरोबर आहे, शिवाय ठिपके सगळे सारखे नसतात, मधला बऱ्याचदा बाकीच्यांपेक्षा बराच जोरदार असतो, त्यामुळे भागाकार करून सरासरी काढून चालत नाही. अमेरिकेत मोठ्या लेझर शोला नियम आहे की प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किरण किमान 3 मीटर वर ठेवायचे. घराचं छतच बहुतेक तेवढं उंच नसतं! 2008 च्या जुलैमध्ये मॉस्कोजवळच्या एका फेस्टिवलमध्ये पावसामुळे तंबू ठोकले, आकाशात जायचे किरण तंबूखाली लोकांच्या डोळ्यांवर आले आणि बऱ्याच जणांच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली. ती यंत्रं खूप ताकदीची होती, घरातल्याशी तुलना नाही, पण किरण कुठे जातोय हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

दुसरं, हिरवा रंग. बऱ्याच स्वस्त वस्तूंमध्ये हिरवा थेट तयार होत नाही, आधी 808 नॅनोमीटर लाटेचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, त्यातून 1064 चा, आणि मग क्रिस्टलमधून 532 चा हिरवा. उरलेला इन्फ्रारेड अडवायला आत फिल्टर लागतो, पैसे वाचवायला तो काही जण बसवतच नाहीत. तो उजेड दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. अमेरिकेतल्या निस्ट या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2013 मध्ये 122 लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, हिरव्यांपैकी जवळपास 90 टक्के आणि लालपैकी सुमारे 44 टक्के तिथल्या सुरक्षेच्या नियमात बसत नव्हते. ते पॉइंटर होते, प्रोजेक्टर नाही, पण लेबलवरच्या आकड्यावर माझा तरी डोळे झाकून विश्वास नाही.

काजवा
इन्फ्रारेडचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मग चांगल्या बनावटीचा घ्या म्हणा ना, घरातून हद्दपार कशाला? माणसाने उजेडाशी खेळायचंच नाही का? 1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत लोक पहिल्यांदा लेझर शो बघायला जमले होते, आता तो आनंद एका खोलीत मावतो, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

छताकडे
माझी बाजू वेगळी आहे. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, पाठीवरच झोपावं लागतं, दिवसभर समोर काय तर पांढरं छत आणि पंखा. मी असाच एक प्रोजेक्टर लावला, पहिल्या रात्री ते अर्धा तास काही बोललेच नाहीत आणि मग हळूच म्हणाले "तो डावीकडचा झुबका कृत्तिकेसारखा दिसतोय बघ". त्यांना आकाश दिसणारच नाहीये आता. तुम्ही सगळे "नको" म्हणालात तर मी त्यांना काय सांगू?

दोन_पोरांची_आई
तुम्ही काही सांगू नका, लावा. छतावर पडून पसरलेला उजेड बघण्यात आणि काचेत डोळा घालण्यात फरक आहे. माझं म्हणणं जिथे पोरं काचेपर्यंत पोचतात त्या घरांबद्दल आहे, आणि त्यावरून मी हलणार नाही.

मंचामागे
छताकडे, तुम्ही तीन गोष्टी बघा. प्रोजेक्टर बाबांच्या नजरेच्या वर, कपाटावर, तोंड छताकडे. खोलीतला आरसा किंवा फ्रेमची काच वाटेत येत असेल तर झाका, कारण आरशातून किरण तसाच्या तसा परत येतो. आणि लखलखणारा मोड बंद ठेवा, सेकंदाला 3 ते 30 वेळा उघडझाप झाली तर काहींना फिट येऊ शकते. मोबाइलचा कॅमेरा काचेवर धरून तपासायला जाऊ नका, सेन्सरच जळतो, माझ्या एका फोनच्या प्रत्येक फोटोत आता जांभळी रेघ येते.

छताकडे
आत्ता मागचं लेबल बघून आलो. लेझरच्या धोक्याचा पिवळा त्रिकोण आहे, क्लास कुठेच लिहिलेला नाही.

मंचामागे
मग मी असतो तर नाही लावला. एलईडीवाला घ्या, ठिपके इतके टोकदार येत नाहीत, थोडे कापसासारखे पसरतात, पण हा छुपा इन्फ्रारेडचा घोळ नसतो.

काजवा
टोकदार ठिपकेच हवे असतील तर क्लास छापलेला लेझरवालाही मिळतो, इथेच हार मानू नका.

छताकडे
आज रात्री बंद ठेवतो. बाबांना विचारतो कापसासारख्या चांदण्या चालतील का.