एसीसीए ऑडिट पेपर: ‘व्हॅल्यू फॉर मनी’ आणि सबस्टँटिव्ह प्रोसिजरमध्ये मार्क जातात कुठे?

लेजरवाली:
नमस्कार मंडळी. पुण्यात एका बीपीओत पेयेबल्सचं (सप्लायरांना द्यायच्या पैशांचं) काम करते, रात्री एसीसीए या ब्रिटिश अकाउंटन्सी परीक्षेचा अभ्यास. ऑडिट अँड अश्युरन्स (जुना एफ ८) दुसऱ्यांदा दिला, ४६ आले. पासिंग ५०. चार मार्कांसाठी परत फी भरायची म्हणजे जिवावर येतं.

सेक्शन ए बरा जातो, गाडी अडते सेक्शन बीमध्ये. व्हॅल्यू फॉर मनी, म्हणजे पैशाचं चीज झालं का, याची तीन मापं, इकॉनॉमी, एफिशिअन्सी, इफेक्टिव्हनेस, यांच्या व्याख्या झोपेतही म्हणेन, पण प्रश्नात हॉस्पिटल आलं की काय लिहू सुचत नाही. सबस्टँटिव्ह प्रोसिजरमध्ये, म्हणजे हिशेबातला आकडा खरा आहे का हे तपासायच्या कृतींत, मी लिहिते, “इन्व्हॉइस चेक करा”, “स्टॉक चेक करा”. मॉक पेपर तपासणाऱ्या सरांनी सहा ठिकाणी लाल पेनाने एकच शब्द लिहिलाय: “मग?”

कटऑफ_३१मार्च:
प्रत्येक हेडच्या (स्टॉक, देणी वगैरे) दहा-दहा प्रोसिजर पाठ करून टाका. मी तेच केलं, ५३ आले.

थप्पीमोजणारा:
पाठांतराने ५३ येतात, कबूल. पण प्रश्न जरा तिरका आला की तेच ४३ होतात.

तुमच्या सरांचा “मग?” अगदी बरोबर आहे. “चेक” म्हणजे काय करायचं? वाचायचं, मोजायचं, की कोणाला विचारायचं? एका प्रोसिजरला साधारण एक मार्क, आणि तो मिळतो तीन गोष्टी लिहिल्यावर: काय करायचं, कोणत्या कागदावर, आणि कशासाठी. तिसरी राहिली की अर्धाच मार्क पडतो.

माझी आर्टिकलशिप चालू असताना एका साखर कारखान्यात स्टॉक मोजायला गेलो होतो. पन्नास किलोची पोती. थप्पी खालूनच मोजली: लांबीला बारा, रुंदीला आठ, उंचीला वीस. गुणाकार १९२०, कारखान्याच्या स्टॉक शीटशी जुळला, मी खूश. सिनियर म्हणाले, “वर चढ.” चढलो, तर मधोमध विहीर! चारी बाजूंनी पोती आणि आत पोकळी. एक्झिस्टन्स (कागदावरचा माल खरंच आहे का) म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, पुस्तकाने कधी कळलं नव्हतं.

नंतर त्यांनी उलटी तपासणी करायला लावली. गोदामातल्या पाच थप्प्या निवडायच्या आणि त्या शीटवर आहेत का बघायचं. ते कम्प्लीटनेस, म्हणजे नोंदवायचं काही सुटलं नाही ना. शीटवरून गोदामात गेलात तर फुगवलेला माल सापडतो, गोदामातून शीटवर आलात तर सुटलेला. दिशा चुकली की बाकी उत्तर कितीही छान असो, मार्क गेला.

आणखी एक खड्डा. “परचेस ऑर्डरवर मॅनेजरची सही आहे का पाहा” ही टेस्ट ऑफ कंट्रोल झाली, म्हणजे कंपनीत ठरलेली पद्धत पाळली जाते का याची तपासणी. सबस्टँटिव्ह विचारलं असताना ती लिहिली की भोपळा. आकडा खरा आहे का, हे कळायला हवं.

व्हॅल्यू फॉर मनीसाठी हॉस्पिटल बाजूला ठेवा, गावची नळयोजना घ्या. पाइप योग्य दर्जाचा आणि कमी भावात घेतला, ही इकॉनॉमी. (स्वस्तातला घेतला आणि उन्हाळ्यात फुटला, तर ती इकॉनॉमी नव्हे. हे वाक्य उत्तरात जरूर टाका.) एका युनिट विजेत किती लिटर पाणी चढलं, ही एफिशिअन्सी. आणि शेवटच्या आळीतल्या नळाला पाणी आलं का, हा इफेक्टिव्हनेस. आता हॉस्पिटल: औषधांची खरेदी, एका सर्जनमागे ऑपरेशन्स, वेटिंग लिस्ट कमी झाली का. ब्रिटनमध्ये १९८३च्या नॅशनल ऑडिट अ‍ॅक्टने सरकारी खर्च याच तीन मापांनी तपासायचा अधिकार दिला. आपल्या कॅगचं परफॉर्मन्स ऑडिटही यावरच उभं आहे. व्याख्येला फार तर अर्ध्या ओळीची जागा द्या, बाकी सगळं प्रश्नातल्या हॉस्पिटलबद्दल.

वेळ: १८० मिनिटं, १०० मार्क. पाच प्रोसिजर विचारल्या तर नऊ मिनिटं, की पुढे सरका.

तुम्ही पेयेबल्समध्येच आहात ना? मग एक लिहून दाखवा. कम्प्लीटनेस.

लेजरवाली:
प्रयत्न करते. “सप्लायरची स्टेटमेंट्स मिळवा आणि लेजरशी जुळवा.”

थप्पीमोजणारा:
मग?

लेजरवाली:
:) “वर्षअखेरीची सप्लायर स्टेटमेंट्स मिळवून पेयेबल्स लेजरमधल्या बाकीशी जुळवा, फरक निघाल्यास जीआरएन (माल मिळाल्याची पावती) पाहून माल वर्षअखेरीपूर्वी आला होता का ते तपासा, म्हणजे नोंद न झालेली देणी सापडतील.” अहो, हे तर मी दर महिन्याला ऑफिसात करते!

थप्पीमोजणारा:
पूर्ण मार्क. आता वर्ष संपल्यानंतरच्या बँक पेमेंट्सवरून दुसरी लिहा.

कटऑफ_३१मार्च:
साखरेच्या त्या विहिरीचं पुढे काय झालं, ते आधी सांगा राव.